वडिलोपार्जित रायफल : सुधारावी कीं सोडावी ?

तूर फुलावर आली व हरभऱ्यास घाटे धरूं लागले, म्हणजे अचलपूर तालुक्याच्या उत्तर भागांतील कास्तकारास रात्रीची झोप कशी ती राहत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परतवाड्याच्या वरच्या अंगास, सातपुड्याच्या पायथ्याशीं ज्यांचीं वावरें आहेत, त्यांनीं रोह्यांचे कळप धुरे ओलांडून येतांना आपल्या डोळ्यांनीं पाहिले आहेत. डुकरांनीं एका रात्रींत नांगरल्यासारखें करून ठेवलेलें भुईमुगाचें शेतहि पाहिलें आहे. अशा दिवसांत चार कास्तकार एकत्र बसले कीं बाजारभावाच्या खालोखाल गोष्ट निघते ती बंदुकीची. त्यांतहि ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळची शिकारीची रायफल आहे, आणि ती साधी नसून एक गोळी सुटतांच दुसरी आपोआप नळींत चढविणारी, म्हणजे हल्लीं जिला अर्धस्वयंचलित म्हणतात त्या जातीची आहे, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. नवी कमान, नवा दस्ता व वर एखादी दुर्बीण बसवून ती पुन्हां कामास लावावी, कीं चांगलें गिऱ्हाईक पाहून विकून टाकावी ?

आमचें मत आम्ही प्रारंभींच सांगून टाकतों. ती सुधारण्यांत पैसा घालूं नये. ती सोडावी, आणि तीहि लवकर सोडावी. मात्र विकून हातांत घसघशीत रक्कम येईल अशी जी समजूत आहे, तीहि बरोबरच सोडून द्यावी. हें मत आम्हीं पुस्तकांतून काढलेलें नाहीं. आमच्याच घरीं हा प्रश्न कित्येक वर्षें लोंबकळत पडला होता, आणि त्याच्या निकालास लागलेल्या विलंबाची किंमत आमच्याखेरीज दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागली. ती हकीकत पुढें येईलच.

आमच्या आजोबांनीं १९३६ सालीं ही बावीस बोअरची रायफल मुंबईहून मागविली. मूर्तिजापुराहून अचलपुरास येणारी छोटी गाडी त्या काळीं चालत असे, आणि पेटी उतरवून घ्यावयास अर्धा गांव ठेसनावर गेला होता, असें घरांत सांगतात. (ती छोटी गाडीहि आतां धांवत नाहीं.) अशा रायफली त्या वेळीं जगाच्या बाजारांत नव्या राहिल्या नव्हत्या. अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीनें बावीस बोअरची आपोआप भरणारी रायफल १९०३ सालींच विक्रीस काढली होती, आणि १९०६ सालीं जॉन ब्राउनिंग ह्या प्रख्यात कारागिराच्या आराखड्यावरून रेमिंग्टन कंपनीनें मोठ्या शिकारीची तशीच रायफल बाजारांत आणली. बावीस बोअरच्या रायफलीची युक्ति साधी आहे. काडतूस उडालें कीं त्याच्या मागच्या रेट्यानें नळीचें झांकण मागें ढकललें जातें, रिकामें टरफल बाहेर पडतें, आणि कमानीच्या जोरानें झांकण पुढें येतांना पुढचें काडतूस नळींत सारतें. नेमबाजानें फक्त चाप ओढावयाचा. दहा वेळां ओढला तर दहा गोळ्या, आणि तेंहि दोन श्वासांच्या आंत.

आजोबांनीं तिच्यावर ससे मारले, तितर मारले, क्वचित् एखादा मोर पिटाळला. रोह्यावर किंवा रानडुकरावर त्यांनीं ती कधीं उचलली नाहीं. त्यासाठीं घरांत बारा बोअरची दुनळी होती, आणि रात्रीच्या जागलीस ठासणीची एक जुनी बंदूक होती. ह्या तिसरीला घरांत कोणी मान देत नसे. तिला दारू व छर्रे ठासावे लागत, पावसाळ्यांत ती दगा देई, आणि बार काढला म्हणजे धुरानें माणूस काळें होई. परंतु खरें सांगावयाचें तर आमच्या घरच्या तुरीचें व ज्वारीचें रक्षण जर कोणी केलें असेल तर तें ह्या ठासणीच्या बंदुकीनें. तिचा आवाज असा होता कीं मळ्यांतील बार ऐकून गांवांतील कुत्रीं उठत, मग डुकरांची काय कथा !

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला व शिकार ही गोष्ट संपली. मेळघाट १९७४ च्या सुमारास व्याघ्रप्रकल्पांत गेला. बावीस बोअरची रायफल तेव्हांपासून कपाटांत बसली. दरवर्षीं दसऱ्यास तिला तेल व फुलें मिळत, परवान्याची मुदत संपत आली कीं तिच्यासाठीं अमरावतीच्या खेपा होत, आणि निवडणूक लागली कीं ती पोलीस ठाण्यांत मुक्कामास जाई. कास्तकाराच्या घरांत काम न करतां इतकी बडदास्त दुसऱ्या कोणत्या अवजाराची ठेवली जाते, हें वाचकांनींच सांगावें.

२०१९ च्या डिसेंबरांत शस्त्र कायद्यांत दुरुस्ती झाली. पूर्वीं एका परवानेदारास तीन हत्यारें ठेवतां येत. ती मर्यादा दोनावर आली. ज्यांच्याकडे तिसरें होतें त्यांनीं तें एका वर्षाच्या आंत जमा करावें असा हुकूम झाला, आणि वारसानें मिळालेल्या हत्यारांसहि हीच दोनाची मर्यादा लागू झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती ती पांच वर्षांची झाली, एवढी एक सवलत त्यांत होती. आमच्या तीर्थरूपांपुढें तीन बंदुका होत्या व त्यांतून एक काढावयाची होती. दुनळीस हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. राहिल्या दोन. एक विलायती, झुळझुळीत, आजोबांच्या नांवाची. दुसरी काळी, गंजलेली, दोरीनें बांधलेल्या दस्त्याची. घरांतील सर्वांनीं मिळून जो निर्णय घेतला तो असा कीं, ठासणीची जमा करावी. आम्हीहि त्या निर्णयांत होतों, आणि त्या वेळीं आमच्याहि तोंडून दुसरा शब्द निघाला नाहीं. कामाचें अवजार गेलें आणि शोभेचें राहिलें.

आतां रायफल ठेवलीच आहे तर ती सुधारून घ्यावी, असें ओघानेंच आलें. येथून ज्या अडचणी सुरू झाल्या त्या प्रत्येक परवानेदारास येतील म्हणून विस्तारानें लिहितों. पहिली अडचण सुट्या भागांची. विलायती बंदुकांची खाजगी आयात आपल्या देशांत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळें ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वींच्या रायफलीची कमान, टरफल ओढणारा आंकडा किंवा गोळ्यांची नळी बाजारांत मिळत नाहीं. जें कांहीं करावयाचें तें परवानाधारक कारागिराकडून लेथावर घडवून घ्यावयाचें. कारागीर कुशल असला तरी मूळ पोलादाचें पाणी त्याच्या हातीं नसतें. आमच्या रायफलीची कमान दोनदां बदलली. पहिली इतकी कडक झाली कीं झांकण पुरतें मागें येईना व टरफल अडकून बसे. दुसरी इतकी मऊ कीं काडतूस अर्ध्यावर राही. आपोआप भरणाऱ्या हत्याराचा सगळा गुण कमानीच्या व रेट्याच्या मापावर अवलंबून असतो. तें माप थोडें चुकलें कीं तें हातानें भरावयाच्या बंदुकीहून वाईट. अडकलेलें काडतूस अंधारांत, मचाणावर, चाचपडत काढण्याचा प्रसंग ज्यानें अनुभवला आहे त्यास अधिक सांगणें नको.

दुसरी अडचण कायद्याची. नळी आंखूड करणें, अथवा एका वर्गाच्या बंदुकीचें दुसऱ्या वर्गांत रूपांतर करणें, हें त्यासाठीं असलेल्या वेगळ्या परवान्यावांचून करतां येत नाहीं. तो गुन्हा आहे. कित्येकांस वाटतें कीं आपोआप भरण्याची युक्ति काढून टाकून ती साधी करून घेतली म्हणजे झालें. ही गोष्ट कारागिराच्या ओट्यावर बसून ठरविण्यासारखी नाहीं. जो कारागीर "मी करून देतों, कोणास कळतें ?" असें म्हणेल, त्याच्या दुकानांतून आल्या पावलीं परतावें.

पण ह्या दोन्ही अडचणी दूर झाल्या, रायफल नव्यासारखी झाली, वर दुर्बीण चढली, असें क्षणभर धरूं. मग तिनें आमच्या शेतांत काय करावयाचें ? बावीस बोअरची नेहमींची गोळी वजनानें अडीच ग्रॅमांच्या जरा वर असते. पुरा वाढलेला रोही दोनशे किलोंच्या आसपास, कधीं त्याहूनहि भारी. रानडुकराचा नर शंभर किलोंपर्यंत सहज जातो, आणि त्याच्या खांद्यावरील कातडें व चरबी म्हणजे चिलखतच. अशा जनावरास ही गोळी मारीत नाहीं, जखमी करते. जखमी जनावर शेतांतून जातें खरें, पण तें कोठें जाऊन बसेल हें आपल्या हातीं राहत नाहीं.

२०२१ च्या पौषांत हेंच घडलें. हरभऱ्यांत डुकरें नित्य येत होतीं. तीर्थरूपांनीं वनखात्याकडून रीतसर परवानगी घेतली होती. दुनळी घरांत होती, परंतु त्यांचें म्हणणें पडलें, "दुनळींत दोनच बार, हिच्यांत दहा आहेत." सुधारून आणलेली रायफल घेऊन ते मचाणावर बसले. दिवस मावळतां मावळतां टोळी आली. त्यांनीं पाठोपाठ चार गोळ्या सोडल्या. टोळी उधळली, एक जनावर किंचाळलें, आणि सगळा अंधार झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या तुरींत गवत कापावयास गेलेल्या मजुरीण बाईवर तें जखमी डुक्कर उठलें. तिच्या मांडीस टाके पडले व ती दोन महिने घरीं बसली. तिच्या औषधपाण्याचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च आम्हीं दिला, पण त्यानें तिची लंगडण्याची खोड गेली नाहीं. चार गोळ्यांपैकीं दोन डुकराच्या अंगांत सांपडल्या. एक मचाणासमोरच्या बाभळींत रुतलेली होती. चौथी कोठें गेली तें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं.

ह्या चौथ्या गोळीची आम्हांस अद्याप धास्ती वाटते. आमचा मुलूख पयानघाटाचा. डोंगर मागें टाकला कीं पूर्णेपर्यंत जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट. बावीस बोअरची गोळी लहान म्हणून कोणी तिला खेळणें समजूं नये. नळी जरा वर असली तर ती सव्वा किलोमीटराच्याहि पुढें जाते. आमच्याकडे सव्वा किलोमीटराच्या टप्प्यांत दुसरा मळा, दुसरी जागल, एखादी वस्ती असावयाचीच. बारा बोअरचे बारीक छर्रे तीनशे मीटरांच्या आंतबाहेर जमिनीवर पडतात. डोंगराळ रानांत रायफलीच्या मागें टेंकाड असतें व गोळी त्यांत मुरते. सपाट वावरांत तिच्यामागें फक्त अंधार असतो. आणि चाप ओढतांच पुढची गोळी तयार, ही सोय तर अंधारांत शापच होय. दुनळीचे दोन बार संपले म्हणजे माणूस थांबतो, काडतूस घालतां घालतां बघतो, विचार करतो. दहा गोळ्यांच्या रायफलीला तो अवकाशच नाहीं.

येथें आमचे एक स्नेही असा आक्षेप घेतात कीं, दोष बावीस बोअरचा आहे, रायफलीचा नव्हे. मोठ्या बोअरची रायफल एका गोळींत जनावर पाडते, आणि छर्ऱ्यांनीं तडफडवण्यापेक्षां तें दयेचें आहे. ह्यांत तथ्य आहे, हें आम्ही मान्य करतों. सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल हातानें भरावयाची असते, ती अर्धस्वयंचलित नाहीं, आणि कसलेल्या नेमबाजाच्या हातीं, दिवसाउजेडीं, मागें टेंकाड पाहून ती चालवली तर तिचें काम स्वच्छ होतें. पण आमच्या तालुक्यांत असे नेमबाज किती आहेत ? आणि डुकरें दिवसाउजेडीं किती येतात ? स्नेह्यांची गोष्ट वनखात्यानें नेमलेल्या तरबेज माणसास लागू पडते. दिवसभर फवारणी करून रात्रीं डोळे चोळीत बसणाऱ्या कास्तकारास नाहीं.

दुसरे कोणी ऑस्ट्रेलियाचें उदाहरण देतात. तिकडील शेतकरी अर्धस्वयंचलित रायफली वापरतात, मग आम्हींच कां नाहीं ? हें उदाहरण अर्धेंच सांगितलें जातें. तेथें १९९६ सालीं टास्मानियांत पोर्ट आर्थर येथें एका माणसानें ३५ माणसें मारल्यानंतर सरकारनें बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका बंद केल्या, आणि लोकांकडून सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. शेतकऱ्यास जी सवलत राहिली ती मुख्यतः बावीस बोअरची, दहा गोळ्यांपर्यंतची, आणि तीहि गरज दाखवून. तिकडे ती सशांसारख्या लहान जनावरांसाठीं उपयोगी पडते, व तिकडच्या एकेका शेताचा विस्तार आमच्या एकेका तालुक्याशीं स्पर्धा करणारा असतो. आमच्या पांच एकरांस तो दाखला कसा लागावा ?

आतां विक्रीचें पाहूं. येथें बहुतेकांची फसगत होते. आयात बंद असल्यामुळें विलायती बंदुकांस मोठी किंमत येते हें खरें आहे. पण ती साध्या, खुल्या वर्गांतील बंदुकांस. आपोआप भरणारी रायफल शस्त्र नियमांत पहिल्या, म्हणजे निर्बंधित वर्गांत मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या हातचा नाहीं. तो केंद्रीय गृहखात्याचा विषय आहे. म्हणजे तिला गिऱ्हाईक तेंच होऊं शकतें ज्याच्याकडे त्या वर्गाचा परवाना आहे, आणि असें गिऱ्हाईक अमरावती-अकोल्याकडे शोधणें म्हणजे उन्हाळ्यांत बिच्छन नदीला पूर शोधण्यासारखें आहे. वस्तु दुर्मिळ, म्हणून मोलाची, हा हिशेब येथें उलटा पडतो : घेणाराच दुर्मिळ, म्हणून वस्तु बिनमोलाची.

जे कोणी गिऱ्हाईक मिळेल त्यासहि हत्यार असें तसें देतां येत नाहीं. विकण्याचा आपला इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा लागतो, आणि कळविल्यापासून पंचेचाळीस दिवस लोटल्यावांचून हत्यार हातचें सोडतां येत नाहीं. ओळखीच्या माणसास "तूर्त वापर, कागद मागाहून करूं" असें म्हणून देणारे कास्तकार आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं त्या बंदुकीतून उद्यां जें कांहीं होईल त्याचा पहिला जबाब त्यांच्याच ओसरीवर घेतला जाईल. गिऱ्हाईक नसल्यास परवानाधारक व्यापाऱ्याकडे किंवा ठाण्यांत पावती घेऊन जमा करावें, व ती पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणें जपून ठेवावी.

"मग राहूं द्या कपाटांत, काय खातें आहे ?" असें म्हणणाऱ्यांस आम्ही वारसाची आठवण करून देतों. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानेदार सत्तर वर्षांचा झाला, अथवा त्यानें हत्यार पंचवीस वर्षें बाळगलें, ह्यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां तो हयातींतच तें वारसाच्या नांवावर करण्यासाठीं अर्ज करूं शकतो. मरणानंतर वारसास तोच अर्ज करावा लागतो. साध्या बंदुकीचें हें काम जिल्ह्यांत होतें. निर्बंधित वर्गाचें प्रकरण दिल्लीपर्यंत जातें. पुण्यास किंवा नागपुरास नोकरी करणाऱ्या मुलाच्या गळ्यांत हें लोढणें कां अडकवावें ? त्यास हत्याराची हौस नसते, कागदांची माहिती नसते, आणि घरांत बिनपरवान्याचें हत्यार सांपडलें तर शिक्षा मात्र त्याची. लग्नाच्या वरातींत बार काढण्याची जी वाईट खोड आहे तीहि २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र ठरली आहे. कपाटांतील निरुपयोगी रायफल अशाच प्रसंगीं बाहेर येते, हा सर्वांचा अनुभव आहे.

रायफल गेल्यावर पिकाचें काय, हा खरा प्रश्न, व तो आम्ही टाळीत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकहि त्याच कामासाठीं देतां येते. आमच्या बहुतेक कास्तकारांस हें कलम ठाऊक नाहीं. ते आत्मसंरक्षणाचा अर्ज करतात व तो नामंजूर झाला कीं बसून राहतात. सुजाण माणसानें सातबारा, पिकाची नोंद व मागील नुकसानीचे पंचनामे जोडून पीकसंरक्षणाचाच अर्ज करावा. मात्र अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यांस आणखी एक पायरी आहे : नव्या परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची आगाऊ संमति लागते, व असलेल्या बंदुकीचीहि त्यांच्याकडे नोंद करावी लागते. मेळघाटालगतच्या गांवांनीं हें विसरूं नये.

बंदूक हातीं आली म्हणजे मारण्याचा अधिकार आला असें नव्हे. रोही व रानडुक्कर हे पूर्वीं वन्यजीव कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचींत होते. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, ते दुसऱ्या अनुसूचींत गेले आहेत. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या अशा जनावराच्या पारधीची लेखी परवानगी अकराव्या कलमाखालीं आजहि मिळूं शकते, आणि राज्य सरकारनें २०१५ सालीं ह्या दोन जनावरांपुरती ती पद्धति सोपी करण्याचा प्रयत्न केला होता. काळविटाची गोष्ट वेगळी. तो पहिल्या अनुसूचींत आहे, त्याच्याकडे बंदूक वळवूंसुद्धां नये.

तथापि आमचा अनुभव असा कीं, बंदुकीचा उपयोग मारण्यापेक्षां आवाजास अधिक होतो, आणि आवाजाची भीति जनावरास फार दिवस राहत नाहीं. टिकाऊ उपाय कुंपणाचा. सौर झटका-कुंपणानें जनावर मरत नाहीं, त्यास क्षणभर जबर हिसका बसतो व तें मागें फिरतें. पण तारेखालचें गवत वरचेवर कापलें नाहीं तर सगळा झटका गवतांत जिरतो. खालची तार वीतभराच्या उंचीवर नसली तर डुक्कर खालून शिरतें, व वरची पुरेशी उंच नसली तर रोही उडी मारतो. सरळ विजेच्या खांबावरून तारेंत प्रवाह सोडणारे लोक आमच्याच विदर्भांत आहेत. त्यांनीं वाघ मारले आहेत, शेजाऱ्यास मारलें आहे, आणि कित्येकदां स्वतःच्या मुलासहि. त्यांच्याविषयीं आम्हांस तिळमात्र सहानुभूति नाहीं.

कुंपणाची मोठी उणीव ही कीं, सरकारी मदत एकेका शेतास मिळते आणि जनावरें एकेका शिवारास येतात. एकानें तार लावली कीं कळप शेजाऱ्याकडे वळतो. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याच्या हरभऱ्यावर साऱ्या गांवाच्या रोह्यांचें पोट भरतें. डोंगराकडील बाजूस सबंध शिवाराचें एकच कुंपण, गांवानें वर्गणीनें व सरकारच्या मदतीनें घालावें, आणि त्याखालचें गवत काढण्याची पाळी घरटी लावावी, ही आमची सूचना आहे. जागलहि तशीच पाळीची असावी. पूर्वीं ती तशी होती, आणि जागलीच्या शेकोटीवर गांवचीं निम्मीं भांडणें मिटत. तहसील व वनखात्याच्या अधिकाऱ्यांसहि आमची विनंती आहे कीं, पीकसंरक्षणाचे अर्ज पेरणीपूर्वीं निकालांत काढावेत, व निवडणुकीसाठीं बंदुका जमा करतांना सुगी कोणत्या महिन्यांत आहे इकडेहि थोडें पाहावें. २०२४ सालीं विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरास झालें. तूर त्या वेळीं फुलावर होती, आणि आमची दुनळी ठाण्याच्या खोलींत होती.

रायफलीचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. यंदा तीर्थरूपांस सत्तर पूर्ण झालीं. वारसाचा अर्ज करावा कीं काय, ह्यावर घरांत दोन रात्री बोलणें झालें. आमच्या आत्याबाईंचें म्हणणें, बाबांची आठवण म्हणून ती राहूं द्यावी. त्या बोलल्या तेव्हां त्यांच्या डोळ्यांस पाणी होतें, आणि आम्हांस लगेच उत्तर देतां आलें नाहीं. शेवटीं तीर्थरूप स्वतःच उठले, पेटी काढली, तेलाच्या फडक्यानें नळी एकवार पुसली, आणि म्हणाले, "त्या बाईला विचारा, ती ठेवा म्हणाली तर ठेवतों." कोणी विचारावयास गेलें नाहीं. लेखी कळविलें, पंचेचाळीस दिवस मोजले, आणि परवानाधारक व्यापाऱ्याकडे ती जमा करून पावती आणली. व्यापाऱ्यानें सांगितलेली किंमत दोन फवारण्यांच्या खर्चाइतकीहि नव्हती. आत्याबाईंसाठीं पेटीवरची पितळी पट्टी, जिच्यावर आजोबांचें नांव कोरलें आहे, तेवढी आम्हीं काढून घेतली. परवान्यावर आतां एक जागा मोकळी आहे, आणि ठासणीच्या बंदुकीसाठीं पीकसंरक्षणाचा अर्ज आम्हीं गेल्या आठवड्यांत दाखल केला आहे.